खात्री नसते तेव्हा ट्यूमर बोर्डाने चर्चा कशी करावी आणि रुग्णाला काय सांगावं

कर्करोगाच्या उपचारांतले बरेच निर्णय सरळ असतात. गाठ लहान, एकाच जागी, रुग्ण धडधाकट असेल तर चार तज्ज्ञांना विचारलं तरी उत्तर एकच येतं. हा लेख उरलेल्या केसेसबद्दल आहे. रिपोर्ट धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. दोन उपचारांपैकी सरस कुठला हे सिद्ध झालेलं नाही. किंवा झालंय, पण ज्या रुग्णांवर झालंय ते आपल्या पुढ्यातल्या रुग्णासारखे नाहीत. अशा केसेस सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (केमोसारखी औषधं देणारे), रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट (काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे), रेडिऑलॉजिस्ट (स्कॅन वाचणारे) आणि नर्स यांच्या एकत्र बैठकीत, म्हणजे ट्यूमर बोर्डात येतात. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर कर्करोगसेवा अशा टीमभोवती उभी राहिली. आज जगभर हीच रीत आहे.

खात्री नाही हे बैठकीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण नंतर होते. बैठकीत कुणी म्हणतं, ‘दोन्ही चालेल, माझा थोडा कल ऑपरेशनकडे.’ नोंदीत उतरतं, ‘ऑपरेशनचा सल्ला.’ ओपीडीत रुग्णाच्या कानावर येतं, ‘तुमचं ऑपरेशन करायचं ठरलंय.’ खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी मूळ शंका वाटेत गळालेली असते. ती शंका, तिच्या नेमक्या आकारासकट, रुग्णापर्यंत पोचवणं हे टीमचं काम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. लेख टीममध्ये बसणाऱ्यांसाठी लिहिलाय. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांनी वाचला तर काय विचारायचं हे त्यांनाही कळेल.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

बोर्डाच्या यादीत ‘पुढील उपचारांबाबत मत हवे’ अशी ओळ हमखास दिसते. ती वाचून पॅथॉलॉजिस्टला कळत नाही कुठली स्लाइड पुन्हा काढायची, रेडिऑलॉजिस्टला कळत नाही कशाकडे बघायचं. मग बैठकीत पहिली काही मिनिटं केस समजून घेण्यात जातात, आणि तेवढा वेळ नसतोच. ब्रिटनमध्ये २०१७ साली झालेल्या एका पाहणीत एका रुग्णावरची चर्चा सरासरी ३ मिनिटांच्या आसपास चालत होती.

त्याऐवजी असं लिहा: ‘वय ५८, मोठ्या आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन होऊन ३ आठवडे झाले. स्टेज दोन, पण ९ च लिम्फ नोड तपासले गेलेत. केमो द्यावी का?’

या वाक्यातला ९ हा आकडा महत्त्वाचा आहे. लिम्फ नोड म्हणजे आतड्याजवळच्या बारीक गाठी, आजार पसरताना सहसा आधी त्यांत जातो; स्टेज दोन म्हणजे तो तिथे पोचलेला नाही. अशा ऑपरेशनमध्ये किमान १२ नोड तपासले जावेत असा संकेत आहे. त्याहून कमी असतील, तर स्टेज दोन म्हणतोय ती खरंच दोन आहे की न सापडलेल्या नोडमध्ये आजार बसलाय, हे सांगता येत नाही. प्रश्न असा लिहिला की पॅथॉलॉजिस्ट बैठकीआधीच काढून ठेवलेल्या आतड्याच्या चरबीत आणखी नोड सापडतात का ते बघतात. कधी कधी आणखी चार-पाच मिळतात आणि केस चर्चेआधीच निम्मी सुटते.

प्रश्नासोबत मुदतही लिहा. ऑपरेशननंतरची केमो साधारण ६ ते ८ आठवड्यांत सुरू व्हावी लागते. वरच्या केसमध्ये ३ गेलेत. ‘आणखी एक तपासणी करून बघू’ ही सूचना चांगली की वेळखाऊ, हे मुदत समोर असल्याशिवाय ठरत नाही.

पायरी २: अनिश्चितता कोणत्या जातीची आहे ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. ‘नक्की सांगता येत नाही’ या एकाच वाक्यामागे किमान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा.

पहिली जात वाचण्यातली. स्लाइड एकाला एक ग्रेड वाटते, दुसऱ्याला दुसरी. स्कॅनमधला ठिपका आजाराचा आहे की जुन्या जंतुसंसर्गाचा, कळत नाही. इथे उपाय म्हणजे दुसरी नजर, वेगळे स्टेन (स्लाइडला लावायचे रंग), नवी बायोप्सी किंवा थोडा काळ थांबून पुन्हा स्कॅन. मात्र जी तपासणी मागवायची तिला त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं का, हे आधी विचारा. फुप्फुसात ६ मिलिमीटरचा ठिपका आहे आणि कुणी पेट स्कॅन सुचवलं, तर साधारण ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान ठिपक्यांत पेटवर भरवसा ठेवता येत नाही. पेटमध्ये काही दिसलं नाही म्हणून सगळे निश्चिंत होतील आणि ती निश्चिंती फुकाची असेल. काही आठवड्यांनी केलेला साधा सीटी, ठिपका वाढला की नाही हे बघून, जास्त सांगून जातो.

दुसरी जात पुराव्यातली. आजार दुर्मीळ आहे म्हणून मोठा अभ्यासच झालेला नाही; किंवा अभ्यास झालाय पण त्यात घेतलेले रुग्ण तरुण आणि तब्येतीने बरे होते, आपला रुग्ण ८१ वर्षांचा, मूत्रपिंडं अर्धवट चालणारी. इथे कितीही तपासण्या केल्या तरी हाती काही लागत नाही. त्या आजाराचा जास्त अनुभव असलेल्या केंद्राला विचारणं, क्लिनिकल ट्रायल उपलब्ध आहे का पाहणं, आणि ‘यावर पुरावा कमी आहे’ असं स्पष्ट लिहिणं, एवढंच हाती असतं.

तिसरी जात नशिबातली. पुरावा भक्कम असतो, पण तो समूहाबद्दल बोलतो. स्टेज दोनच्या आतड्याच्या कर्करोगात ऑपरेशननंतर केमो दिल्याने १०० जणांमागे साधारण ३-४ जणांना जगण्यात फायदा होतो, असं मोठ्या चाचण्यांतून दिसतं. ते तीन-चार जण कोण, हे आधी कळत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक जण केमोविनाही बरे राहिले असते, आणि काहींचा आजार केमो देऊनही परततो. अलीकडे हे कोडं थोडं सुटू लागलंय. २०१८ मध्ये टेलर-एक्स या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत असं दिसलं की, हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) आणि काखेतल्या गाठींत न पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात आजार परतण्याचा धोका सांगणाऱ्या २१ जनुकांच्या चाचणीचा स्कोअर मधला आला, तर बहुतेकींना केमो न देताही चालतं. पन्नाशीच्या आतल्या काही जणींचा मात्र अपवाद. आतड्याच्या स्टेज दोनमध्ये २०२२ च्या डायनॅमिक चाचणीत रक्तात फिरणारा ट्यूमरचा डीएनए बघून केमो ठरवली. केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ वर आलं आणि दोन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. अशी चाचणी उपलब्ध असेल तर ती मागवायची की नाही, हाच बोर्डाचा खरा प्रश्न होतो.

चौथी जात पसंतीची. माहिती पुरेशी आहे, पण कुठली किंमत मोजायची हे माणसागणिक बदलतं. प्रोस्टेट कर्करोगातली ब्रिटनची प्रोटेक्ट चाचणी याचं उत्तम उदाहरण. पीएसए या रक्ततपासणीतून सापडलेला, प्रोस्टेटपुरताच असलेला आजार. १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागलं: नुसती देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निकाल आले तेव्हा या कर्करोगाने दगावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत २ ते ३ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९ टक्क्यांच्या वर आणि इतर दोन्हींत ५ च्या आसपास होतं. तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांची किंमत ऑपरेशनच्या गटाने जास्त मोजली. यातलं कुठलं ओझं पेलवेल, हे सर्जन कसं सांगणार? अशा प्रश्नावर बोर्डाने अर्धा तास खल केला तरी उत्तर मिळत नाही, कारण उत्तर देणारा माणूस त्या खोलीत नसतो.

केसच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात जात लिहून टाका. एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या लिहा. वाद विकोपाला जातात त्यात पुष्कळदा एक जण पुराव्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा पसंतीबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पायरी ३: रुग्णाला ओळखणारा माणूस खोलीत हवा

ही पायरी छोटी आहे, पण हिच्यावाचून पुढचं सगळं फसतं. स्कॅन समोर असतं, रुग्ण नसतो. ईसीओजी स्कोअर, म्हणजे रुग्ण रोजच्या कामात किती सक्षम आहे याचा आकडा, ० ते ४ मध्ये लिहिलेला असतो. ‘१’ म्हणजे हलकं काम जमतं, ‘२’ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण नोकरीधंदा जमत नाही. या दोन आकड्यांमधल्या फरकावर केमोचा बेत बदलू शकतो, आणि कागदावरचा आकडा महिन्यापूर्वीचा असतो. म्हणून प्रत्येक केसला एक प्रश्न ठरवून विचारा: ‘या आठवड्यात रुग्णाला कुणी पाहिलंय?’ कुणीच पाहिलं नसेल तर ठरवलेलं सगळं ‘तब्येत बघून’ या अटीवर आहे असं नोंदवा. बोर्डाचे निर्णय प्रत्यक्षात का आले नाहीत याचा माग काढला तर बरोबरचे दुसरे आजार आणि रुग्णाची स्वतःची इच्छा, ही दोन कारणं वारंवार सापडतात. दोन्ही आधी विचारली असती तर कळली असती.

रुग्णाची इच्छा नर्सला किंवा समन्वयकाला सहसा सगळ्यात आधी कळते. ती त्याच्याच शब्दांत आणा. ‘आयुष्याच्या दर्जाला प्राधान्य’ असं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. ‘पोटावर पिशवी लागणार असेल तर आधी मला समजावून सांगा, नंतर ठरवा’ या वाक्यातून सगळं कळतं.

पायरी ४: चर्चेचा क्रम उलटा ठेवा

बहुतेक बैठकांत विभागप्रमुख आधी बोलतात आणि मग बाकीचे री ओढतात. यात कुणाची लबाडी नसते. पहिलं ठाम मत ऐकलं की आपलं वेगळं मत आपल्यालाच किरकोळ वाटू लागतं. यावर साधा तोडगा आहे. अवघड केसला सुरुवातीलाच प्रत्येकाने कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: कुठला पर्याय, आणि त्याबद्दल १० पैकी किती खात्री. मग सगळ्यात कनिष्ठ व्यक्तीपासून वाचायला सुरुवात करायची, प्रमुखांनी शेवटी. याला फार तर दोन मिनिटं लागतात. पाच जणांनी एकच पर्याय लिहिला पण खात्री ९, ८, ५, ५, ४ अशी निघाली, तर तो ‘एकमताचा निर्णय’ नाही हे तिथल्या तिथे दिसतं.

त्यानंतर दोन प्रश्न विचारा. पहिला: ‘वर्षभराने हा निर्णय चुकला असं निघालं, तर कशामुळे चुकला असेल?’ दुसरा: ‘आत्ता काय कळलं तर आपण मत बदलू?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीही कळलं तरी बदलणार नाही’ असं असेल तर आणखी तपासण्या मागवायचं कारण उरत नाही. तो खर्च आणि तो त्रास रुग्णाला कशाला?

आत्मविश्वास आणि पुरावा यांत अंतर किती पडू शकतं, याचा धडा १९९० च्या दशकात मिळालाय. स्तनाच्या कर्करोगात प्रचंड डोसची केमो देऊन मग अस्थिमज्जेचं किंवा मूळ पेशींचं प्रत्यारोपण करायची पद्धत तेव्हा जोरात होती. ‘जास्त डोस, जास्त फायदा’ हे इतकं पटण्यासारखं होतं की हजारो स्त्रियांना चाचण्यांचे निकाल यायच्या आधीच तो उपचार दिला गेला. १९९९ मध्ये निकाल जाहीर झाले तेव्हा बहुतेक चाचण्यांत नेहमीच्या केमोपेक्षा काही फायदा दिसला नाही. ठळक फायदा दाखवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत गैरप्रकार झाल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं. त्या काळात एखाद्या बोर्डात ‘याला पुरावा काय?’ असं विचारणारी व्यक्ती कटकटी ठरली असणार. तुमच्या बैठकीत अशी एक तरी व्यक्ती असावी; नसेल तर आळीपाळीने एकेकाला ती भूमिका नेमून द्या. नेमून दिली की विरोध करणं उद्धटपणाचं वाटत नाही.

आता एक केस जरा जवळून पाहू. रुग्ण कल्पित आहे, पेच मात्र नेहमीचा.

वय ६१, गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातला कर्करोग. केमो आणि रेडिएशन दोन्ही पूर्ण झालं. १० आठवड्यांनी तपासणी: बोटाला गाठ लागत नाही, एंडोस्कोपीत पांढरट व्रण आणि त्याच्या कडेला जराशी लाली, एमआरआयमध्ये बहुतांश तंतुमय ऊती आणि एका जागी शंका. आधीचा बेत ऑपरेशनचा होता. गाठ इतकी खाली होती की ऑपरेशन म्हणजे गुदद्वारासकट भाग काढणं आणि पोटावर कायमची पिशवी.

सर्जन म्हणतात, ‘शंका आहे तर काढून टाकू. नंतर वाढलं तर पस्तावाल.’

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, ‘प्रतिसाद अजून पूर्ण व्हायचाय. थांबू.’

‘बायोप्सी घेऊ,’ असं तिसरं कुणी म्हणतं. इथे पॅथॉलॉजिस्टने बोलायला हवं: बायोप्सी निगेटिव्ह आली तरी आजार भिंतीच्या आतल्या थरात असू शकतो, त्यामुळे त्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही.

ऑपरेशन न करता देखरेख ठेवण्याची कल्पना साओ पावलोच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणली तेव्हा बरीच टीका झाली होती. आता त्यामागे मोठी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. २०१८ मध्ये तिचे जे आकडे आले त्यांत, पूर्ण प्रतिसाद दिसलेल्या ८८० रुग्णांपैकी साधारण ४ पैकी एकाला २ वर्षांत त्याच जागी पुन्हा वाढ झाली. परत वाढलेल्यांत बहुतेकांची वाढ पहिल्या दोन वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच सापडली, म्हणजे तपासणीत दिसेल अशा जागी. पण हे आकडे पूर्ण प्रतिसादाचे आहेत आणि आपल्या रुग्णाचा प्रतिसाद ‘जवळपास पूर्ण’ आहे. त्याचा धोका ४ पैकी एकपेक्षा जास्त धरायला हवा. हे वाक्य बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं, नाहीतर ‘पंचाहत्तर टक्के बरे राहतात’ हा आकडा रुग्णाच्या हाती पडतो, आणि तो त्याचा नसतो.

म्हणजे इथे चारपैकी तीन जाती हजर आहेत: एमआरआयची शंका वाचण्यातली, ‘जवळपास पूर्ण’बद्दलचा कमी पुरावा, आणि पिशवी टाळण्यासाठी किती जोखीम घ्यायची ही पसंती. पहिलीवर उपाय आहे: आणखी ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी आणि एमआरआय. व्रण सपाट झाला तर प्रतिसाद पूर्ण धरता येईल. लाली वाढली, कडा उंचावली तर ऑपरेशन. दुसरीबद्दल प्रांजळपणे सांगायचं. पसंतीचा प्रश्न रुग्णाकडे न्यायचा, आणि सोबत अट: देखरेख निवडली तर पहिली दोन वर्षं दर ३-४ महिन्यांनी एंडोस्कोपी, शिवाय ठरल्या वेळी एमआरआय. रुग्णाला इतक्या वेळा येणं जमणार नसेल तर हा पर्याय त्याच्यासाठी सुरक्षित नाही. वेळापत्रक नसलेली देखरेख म्हणजे भिजत घातलेलं घोंगडं.

पायरी ५: नोंदीत शंका जशीच्या तशी उतरवा

वरच्या केसची नोंद ‘वॉच अँड वेट’ अशी दोन-तीन शब्दांत लिहिली तर सगळी चर्चा वाया गेली. सुट्टीवरून परतलेल्या, बैठकीला नसलेल्या डॉक्टरला तेवढ्या नोंदीवरून रुग्णाशी बोलायचं असतं. त्याऐवजी:

‘दोन पर्याय मान्य: ऑपरेशन, किंवा ७ आठवड्यांनी पुनर्तपासणी. कल पुनर्तपासणीकडे, खात्री मध्यम. एक मत विरोधात (सर्जरी): एमआरआयमधली शंका पाहता आत्ताच ऑपरेशन. कडा उंचावल्यास किंवा एमआरआयमधली शंका वाढल्यास ऑपरेशन. रुग्णाला पिशवीबद्दल आधी बोलायचं आहे. अमुक डॉक्टर आणि स्टोमा नर्स (पिशवीची काळजी शिकवणारी) एकत्र भेटतील. निर्णय रुग्णाशी बोलून.’

विरोधी मत लिहायला लोक बिचकतात. कायद्याची भीती असते, प्रमुखांची असते. माझ्या मते ते न लिहिणं जास्त धोक्याचं आहे, कारण तेच मत महिन्याभराने दुसऱ्या एखाद्या डॉक्टरच्या तोंडून रुग्णाला कळतं आणि मग त्याला वाटतं, माझ्यापासून काहीतरी लपवलं. शिवाय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंही ‘ठाम शिफारस’ आणि ‘सशर्त शिफारस’ असा भेद करतात. बोर्डाने तो करायला हरकत नसावी.

पायरी ६: रुग्णाशी बोलताना

आधी टीमने आपसांत ठरवावं की कोण बोलणार. सकाळी सर्जन एक सांगतात, दुपारी ऑन्कॉलॉजिस्ट दुसरं, आणि संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात नुसता गोंधळ. मतभेद असेल तर तो एकाच व्यक्तीने, दोन्ही बाजू मांडून सांगावा.

बोलण्याचा क्रम ठरलेला असला की धीर राहतो. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा टप्प्यांची रीत अजून उपयोगी पडते: शांत जागा, रुग्णाला आधी काय माहीत आहे ते विचारणं, किती ऐकायचंय ते विचारणं, मग माहिती, मग त्याच्या भावनांना जागा, आणि शेवटी पुढचा बेत. घाईत दुसरा टप्पा सगळ्यात आधी गाळला जातो. तो गाळू नये. २०१२ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पसरलेल्या आजारासाठी केमो घेणाऱ्यांपैकी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६९ टक्के आणि आतड्याच्या कर्करोगाचे ८१ टक्के रुग्ण, केमोने आजार बरा होण्याची शक्यता नाही हे समजून नव्हते. तेव्हा ‘या केमोने काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आकडे सांगताना तीन गोष्टी पाळा. एक, टक्केवारीपेक्षा माणसं मोजा. ‘धोका ३० टक्क्यांनी कमी होतो’ हे ऐकायला भारी वाटतं. पण मूळ धोका १०० पैकी १० जणांना असेल, तर तो ७ जणांवर येतो. म्हणजे १०० जणांनी उपचार घेतला की तिघांना फायदा. दोन, दोन्ही बाजूंनी सांगा. १९८२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगाची तीच माहिती काहींना ‘ऑपरेशनमधून १०० पैकी ९० वाचतात’ अशी दिली आणि काहींना ‘१० दगावतात’ अशी. दुसऱ्या गटात ऑपरेशन नाकारून रेडिएशनकडे वळणारे लक्षणीय वाढले, आणि त्यांत डॉक्टरही होते. तेव्हा दोन्ही वाक्यं लागोपाठ म्हणा. तीन, ‘किती दिवस?’ या प्रश्नाला एक आकडा देऊ नका. मध्यांक (ज्याच्या पुढे निम्मे रुग्ण जगतात तो काळ) १२ महिने असेल तर ढोबळमानाने निम्मे रुग्ण त्याच्या अर्ध्या ते दुपटीच्या दरम्यान असतात, म्हणजे ६ महिने ते २ वर्षं. १० पैकी एखादा तिप्पट किंवा त्याहूनही पुढे जातो, आणि १० पैकी एखाद्याच्या वाट्याला ३ महिने किंवा त्याहून कमी येतात.

संवाद साधारण असा होऊ शकतो.

‘तुमची केस आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चुकीचे नाहीत. आमच्यातले बहुतेक जण थांबून पुन्हा तपासावं असं म्हणतात. एका सर्जनचं मत आहे की आत्ताच ऑपरेशन करावं. दोन्हींची कारणं सांगतो.’

‘डॉक्टर, पण तुम्हालाच नक्की माहीत नसेल तर मी काय ठरवणार?’

‘बरोबर आहे. आजार परत वाढेल की नाही हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. पण वाढलाच तर तो लवकर कसा पकडायचा आणि पुढे काय करायचं, हे आम्हाला माहीत आहे. तुमच्याकडून मला एवढंच समजून घ्यायचंय: पिशवी टाळणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे, आणि दर तीन महिन्यांनी तपासणीच्या आधी जी धाकधूक होईल ती तुम्हाला झेपेल का?’

‘तुमच्या वडिलांना असतं तर काय केलं असतं?’ हा प्रश्न येणारच. तो टाळू नका, पण उत्तराआधी विचारा, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’ मग त्या उत्तराला धरून आपला कल सांगा. अनिश्चितता सांगितली म्हणून जबाबदारी रुग्णावर ढकलायची नसते. ‘दोन्ही पर्याय आहेत, तुम्ही ठरवा’ म्हणून हात झटकणं हे खात्रीचा आव आणण्याइतकंच वाईट.

नातेवाईक दारातच गाठून ‘त्यांना सांगू नका’ म्हणतात तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. त्यांची भीती ऐका, आणि रुग्णालाच विचारा: ‘तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की घरच्यांपैकी कुणाशी बोलू?’ जे उत्तर येईल ते नोंदीत लिहा.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्याकडे लक्ष देणारी, टीम या बोलण्यात लवकर आणा. २०१० च्या एका चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचं जगणं सुसह्य झालं, शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले: मध्यांक ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. ‘आता काही उरलं नाही म्हणून पाठवलं’ असा समज व्हायच्या आत त्यांची ओळख करून द्यावी.

पायरी ७: रुग्णाने वेगळं ठरवलं तर

बोर्डाचा निष्कर्ष म्हणजे सल्ला, आदेश नव्हे. रुग्णाने दुसरा पर्याय निवडला तर नोंदीत ‘रुग्णाने नकार दिला’ असं कोरडं लिहू नका; कारण लिहा. सेकंड ओपिनियन मागितलं तर स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेले ऊतींचे तुकडे), स्कॅनच्या सीडी आणि बोर्डाची पूर्ण नोंद विरोधी मतासकट त्याच्या हातात द्या. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांना तुमचा निष्कर्ष फारसा कामाचा नसतो, तुमची शंका मात्र उपयोगी पडते.

पायरी ८: केस परत आणा

अनिश्चित केसेसची वेगळी यादी ठेवा: तारीख, ठरलेला पर्याय, त्या दिवशीची खात्री १० पैकी किती, आणि मत बदलायला लावणारी खूण. समन्वयक ती दर महिन्याला उघडतो आणि ज्यांच्या तपासणीची वेळ झाली त्यांना बैठकीच्या यादीत घालतो. तपासणीला न आलेल्यांना त्याच दिवशी फोन करतो. देखरेखीवरचे रुग्ण सगळ्यात जास्त इथेच निसटतात.

सहा महिन्यांतून एकदा हीच यादी मागे वळून वाचा. ज्या केसेसवर टीमने ९ खात्री लिहिली होती, त्यांतल्या किती तशाच निघाल्या? ५ लिहिलेल्यांपैकी किती? निकाल वाईट आला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, त्यामुळे दोन रकाने करा: एक त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता का याचा, दुसरा पुढे काय झालं याचा. आणि या वाचनाला प्रमुखांच्या खुर्चीत एखाद्या वेळी नर्सला बसवा. कुठली शंका रुग्णापर्यंत पोचलीच नव्हती, हे यादीवर बोट ठेवून तीच सांगू शकते.